खचणाऱ्या जमिनीचे मोजमाप

भूमिगत कोळसा खाणीवरची जमीन दोन तऱ्हांनी खचते. एका तऱ्हेत खोलवरच्या थरातून सलग मोठे क्षेत्र काढून घेतले जाते, वरचे खडक वाकत-तडकत खाली बसतात आणि पृष्ठभागावर बशीसारखी रुंद, उथळ खोलवट तयार होते. हा बदल आठवड्यांत किंवा महिन्यांत होतो, त्याचा वेग आणि विस्तार बऱ्यापैकी आधी सांगता येतो, तो मोजताही येतो. दुसऱ्या तऱ्हेत खाण उथळ असते, बहुधा जुनी आणि विसरलेली. तिच्या एखाद्या गॅलरीचे छत थोडेथोडे ढासळत वर सरकते आणि एके दिवशी जमिनीला भगदाड पडते. भगदाड पडेपर्यंत वरच्या मातीत केसाएवढी भेगही दिसत नाही, असेही घडते. जमिनीच्या हालचालींवर लक्ष ठेवण्याचे बहुतेक शास्त्र पहिल्या तऱ्हेसाठी विकसित झाले आहे. विदर्भातल्या माणसांची घरे मात्र अधिककरून दुसऱ्या तऱ्हेने धोक्यात येतात.

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्याखाली कोळसा नाही. इथले खडक अतिप्राचीन, रूपांतरित जातीचे आहेत. त्यांत मँगनीज सापडते. शेजारच्या तुमसर तालुक्यात चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे, पण कोळशाचे गोंडवाना थर इथे नाहीत. तरीही तिरोड्याचा कोळसा खाणींशी रोजचा संबंध आहे. ६६० मेगावॅटच्या पाच संचांचे, म्हणजे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र इथे उभे आहे. त्याचा कोळसा रेल्वेने येतो आणि पाणी वैनगंगेवरच्या धापेवाडा बंधाऱ्यातून. तालुक्यात बोदलकसा आणि चोरखमारा हे मोठे तलाव आहेत, शिवाय गावोगावी माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या भाषेत ‘मामा तलाव’, आहेत. खाण आणि बांध या दोन्ही गोष्टींचे धागे इथे असे एकत्र येतात. जमीन खचण्याची खरी प्रकरणे पाहायला मात्र नागपूरजवळच्या कामठी आणि चंद्रपूर-वणीच्या वर्धा खोरे कोळसा क्षेत्रांत जावे लागते.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे अमराई वॉर्डातले एक घर पाहता पाहता जमिनीत गेले. खड्ड्याची खोली बातम्यांमध्ये साठ ते ऐंशी फूट सांगितली गेली. घरातली माणसे वेळेत बाहेर पडल्यामुळे जीवितहानी झाली नाही, पण आसपासच्या कुटुंबांना तातडीने हलवावे लागले. या वस्तीखाली जुनी, केव्हाच बंद पडलेली कोळसा खाण आहे. महिना ऑगस्टचा होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

असे भगदाड कसे पडते हे समजण्यासाठी खाणीची रचना माहीत हवी. विदर्भातल्या जुन्या खाणींत कोळशाच्या थरात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या गॅलऱ्या खणल्या जात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब, म्हणजे पिलर, ठेवले जात. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीने गॅलरीची उंची ३ मीटर आणि रुंदी ४.८ मीटरपेक्षा जास्त असू नये असे ठरवले. पिलर किती मोठे असावेत, हे खोलीप्रमाणे बांधून दिले. त्याआधीच्या खाणींवर असा बंध नव्हता. पिलर तासून बारीक केलेले असत, काही ठिकाणी काढूनही नेलेले असत. वर्धा खोऱ्यातला मुख्य थर जागोजागी पंधरा मीटरच्या आसपास जाड आहे. एवढ्या जाड थरात छत म्हणूनही कोळसाच ठेवावा लागतो, आणि कोळशाचे छत वालुकाश्माइतके टिकाऊ नसते.

चार गॅलऱ्या जिथे मिळतात त्या चौकात छताचा आधारहीन भाग सर्वांत मोठा असतो. ढासळणे तिथूनच सुरू होते. तुटलेला खडक अखंड खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि या फुगण्यामुळेच अनेक पोकळ्या वरपर्यंत पोहोचत नाहीत. खडक तुटून दीडपट फुगत असेल, तर तीन मीटर उंचीची पोकळी साधारण सहा मीटर वर चढल्यावर स्वतःच्याच मलब्याने भरून जाते, १.३ पट फुगत असेल तर दहा मीटरवर. हा हिशेब मलबा जागच्या जागी साचला तरच बरोबर ठरतो. चौकात त्याला चारही गॅलऱ्यांत पसरायला वाव मिळतो. खाणीत पाणी वाहत असेल, तर ते बारीक माती-वाळू वाहून नेते आणि पोकळी रिकामीच राहते. मग ती वर चढत राहते. कठीण वालुकाश्माचा जाड पट्टा आडवा आला तर थांबते, वर नुसती भुसभुशीत माती असली तर थांबत नाही. त्यामुळे तीस मीटरपेक्षा उथळ जुन्या गॅलऱ्या सर्वांत संशयास्पद मानल्या जातात आणि भगदाडे बहुधा पावसाळ्यात पडतात. पावसाने वरची माती जड होते, पाझरणारे पाणी पोकळीच्या तोंडाशी असलेली माती सैल करते. उन्हाळ्यात खाणीतले साचलेले पाणी उपसले, तरी धोका असतोच, कारण त्या पाण्याचा छताला थोडाफार आधार झालेला असतो.

हा धोका ओळखण्याचे पहिले उपकरण म्हणजे खाणीचा नकाशा. खाण सोडून देताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करणे बंधनकारक आहे. पण १ मे १९७३ रोजी विदर्भातल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा अनेक खासगी मालकांच्या हाती पिढ्यांपिढ्यांचे अपुरे कागद होते. काही नकाशे खाणीपुरत्या स्वतंत्र मोजणीवर आधारलेले असतात. त्यांवरचा एखादा बिंदू आजच्या शहराच्या नकाशावर नेमका कुठे येतो, हे जुन्या शाफ्टचे (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीचे) किंवा इन्क्लाइनचे (तिरक्या वाटेचे) तोंड सापडल्याखेरीज ठरत नाही. चंद्रपूर शहराच्या कडेला महाकाली, रयतवारी, लालपेठ या खाणींच्या परिसरात वस्ती वाढत गेली, ती खालच्या गॅलऱ्यांचा विचार करून नव्हे.

नकाशाच्या चुकीची किंमत खाणीच्या आतही मोजावी लागते. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत जुन्या भागातले पाणी फुटून आत आले आणि ६३ कामगार बुडाले. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत ३७५ जण याच कारणाने गेले. दोन्ही ठिकाणी पाणी साचलेले जुने काम आणि चालू काम यांच्यामधली भिंत पुरेशी उरली नव्हती.

नकाशा नसेल तेव्हा पोकळी शोधावी लागते. जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजला, तर पाण्याने भरलेली गॅलरी कमी रोध दाखवते आणि कोरडी गॅलरी जास्त. भूवेधी रडार नावाचे यंत्र वाळूत किंवा कोरड्या खडकात उत्तम चालते. चिकणमातीत मात्र त्याच्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात, म्हणून वर्धा खोऱ्यातल्या काळ्या मातीवर त्याचा उपयोग बेताचाच. शेवटी बोअर मारून पाहणे आणि त्यात कॅमेरा सोडणे हाच निर्णायक मार्ग ठरतो. तो महागडा आहे आणि घरांच्या दाटीत अवघडही, पण संशयित वस्तीत शंभर ठिकाणची पातळी वर्षानुवर्षे मोजत बसण्यापेक्षा योग्य जागी मारलेली दहा बोअर जास्त सांगतात.

छत खरोखर वर सरकत असेल, तर ते कळण्यासाठी बोअरमध्ये केबल सिमेंटने पक्की बसवण्याची पद्धत आहे. तिच्यात विद्युत् स्पंद सोडला की केबल जिथे चेपली किंवा तुटली असेल तिथून तो परततो, आणि परतायला लागलेल्या वेळावरून तुटीची खोली समजते. दर महिन्याला ती खोली कमी होत असेल, म्हणजे तूट वर येत असेल, तर पोकळी चढते आहे. भगदाडाची आधी वर्दी देऊ शकणाऱ्या मोजक्या साधनांपैकी हे एक आहे.

पहिल्या तऱ्हेचे, म्हणजे रुंद खोलवटीचे, मोजमाप त्या मानाने सुटसुटीत आहे. चालू खाणीत मुख्य काम संपल्यावर उलट्या क्रमाने पिलर काढत मागे येतात. त्याला खाणीत ‘डिपिलरिंग’ म्हणतात. मागे राहिलेले छत मुद्दाम पाडले जाते. या भागावरच्या जमिनीत डिपिलरिंग सुरू होण्याआधीच सरळ रेषेत खांब रोवले जातात. एक रेषा काम पुढे सरकण्याच्या दिशेने असते, दुसरी तिला आडवी. खाण दीडशे मीटर खोल असेल तर खांबांमधले अंतर दहा-पंधरा मीटर ठेवतात. खांब रोवण्यात हयगय झाली की सगळी मोजणी वाया जाते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वीतभर खोल ठोकलेली खुंटी कुठलीही खाण नसताना वर्षभरात वर-खाली होते. म्हणून काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत खड्डा घ्यावा लागतो आणि सळई वरच्या मातीपासून मोकळी ठेवून काँक्रीटमध्ये बसवावी लागते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या तलचिन्हापासून उंची मोजायची ते स्वतः खचणाऱ्या क्षेत्राबाहेर हवे. खाणीच्या कार्यालयाच्या ओट्यावर तलचिन्ह कोरून तिथूनच मोजणी सुरू करणे सोयीचे असते, पण ते कार्यालयही त्याच खाणीवर उभे असेल, तर सगळी जमीन एकत्र खाली जाते आणि वहीत काहीच बदल दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याने महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळापासून देशभर अशी तलचिन्हे बसवली. नागपूरच्या झिरो माइलपाशी त्यांतलेच एक आहे. खाणीतल्या मोजणीसाठी एवढ्या लांब जायची गरज नसते, मात्र परस्परांपासून दूर असलेली किमान दोन-तीन चिन्हे ठेवावी लागतात, म्हणजे एखादे हलले तर उरलेली त्याची चुगली करतात. सूक्ष्म लेव्हल यंत्राने एक किलोमीटरच्या फेरीत चूक काही मिलिमीटरांच्या आत ठेवता येते. आडव्या हालचालींसाठी टोटल स्टेशन वापरतात आणि दूरच्या बिंदूंना उपग्रह-आधारित स्थाननिश्चितीने जोडून घेतात.

खोलवट किती खोल होईल, याचा अंदाज थराच्या जाडीवरून बांधतात. ब्रिटनच्या नॅशनल कोल बोर्डाने आपल्या खाणींतल्या दीर्घ मोजणीवरून दाखवले, की पुरेसे रुंद क्षेत्र काढल्यास जमीन काढलेल्या जाडीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत खाली बसू शकते. भारतातले वालुकाश्म अधिक कणखर आहेत. इथे छत पाडल्यावर खचणे सामान्यतः जाडीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत राहते. रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू भरली, म्हणजे ‘स्टोइंग’ केले, तर ते पाच टक्क्यांच्या आसपास येते. तीन मीटर कोळसा काढला असता छत पाडून दीड ते दोन मीटर, वाळू भरून पंधरा सेंटिमीटर असा हा फरक. नागपूर जिल्ह्यात सिल्लेवाड्यासारख्या खाणींना वरून जाणाऱ्या नद्यांमुळे स्टोइंगचा आधार घ्यावा लागला आणि कन्हानची वाळू त्यांच्या पोटात गेली.

किती खचले यापेक्षा किती असमान खचले, हे घरासाठी महत्त्वाचे असते. सगळी जमीन सारखी अर्धा मीटर खाली गेली तर भिंतीला तडाही जाणार नाही. खोलवटीच्या कडेला जमीन ताणली जाते आणि मध्यभागी दाबली जाते. विटांच्या घरांसाठी दर मीटरमागे ३ मिलिमीटर ताण ही मर्यादा धरतात. दहा मीटर लांबीच्या घरात ती तीन सेंटिमीटरची फट होते. जंगलासाठी याच्या कितीतरी पट ताण चालतो, कारण माती पुन्हा मिळून येते. म्हणून खांबांच्या मोजणीत शेजारच्या दोन खांबांमधले अंतर आणि उतारातला फरक काढणे हे उंची मोजण्याइतकेच गरजेचे आहे. अनेक अहवालांत नेमका हाच तक्ता वगळलेला असतो.

गेल्या दोन-तीन दशकांत या कामात उपग्रह आले. रडार असलेला उपग्रह एकाच जागेवरून ठरावीक दिवसांनी जातो आणि परतलेल्या लहरींच्या कलेतला फरक नोंदवतो. एप्रिल २०१४ मध्ये सोडलेल्या युरोपच्या सेंटिनेल-१ ची लहर ५.६ सेंटिमीटरची आहे आणि तो बारा दिवसांनी त्याच वाटेवर येतो. जमीन उपग्रहापासून २.८ सेंटिमीटर दूर गेली की प्रतिमेत रंगांचे एक पूर्ण चक्र उमटते. शहराच्या गच्च्या, पूल, रेल्वेचे रूळ असे स्थिर परावर्तक सलग काही वर्षे पाहिले तर वर्षाला काही मिलिमीटरचा फरकही सापडतो. मिलानच्या संशोधकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली.

विदर्भात तिच्या मर्यादा लवकर समोर येतात. भाताच्या बांध्यांत पाणी साचले, रोप वाढले, कापणी झाली, की दोन प्रतिमांमध्ये जुळण्यासारखे काही उरत नाही. तिरोडा-गोंदिया पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने छोट्या लहरींची रडारे शेतांवर जवळजवळ आंधळी असतात. डिपिलरिंगमध्ये बारा दिवसांत जमीन दहा-वीस सेंटिमीटर बसली, तर रंगांची चक्रे एकात एक मिसळून मोजणी हुकते. लांब लहर दोन्ही अडचणी कमी करते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहावर सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचे एक आणि त्याहून छोट्या लहरीचे एक अशी दोन रडारे आहेत, आणि त्याचीही फेरी बारा दिवसांची आहे. पण पाच-सहा मीटर व्यासाचे भगदाड सेंटिनेलच्या एका ठिपक्यापेक्षा लहान असते. घुग्घुससारखी घटना आकाशातून आधी दिसेल, असे मानणे धोक्याचे आहे.

खाणीजवळ धरण किंवा तलाव असेल, तेव्हा प्रश्न दुहेरी होतो. पाणी खाणीत शिरण्याचे भय असते आणि खाणीमुळे बांध तडकण्याचेही. १९५७ च्या नियमावलीनुसार नदी, कालवा, तलाव किंवा जलाशयाच्या थेट खाली आणि काठापासून १५ मीटरच्या आडव्या अंतरात परवानगीशिवाय काम करता येत नसे. रेल्वे, रस्ते, सार्वजनिक बांधकामे यांच्यासाठी हे अंतर ४५ मीटर होते. हे आकडे किमान होते. खरे अंतर खोलीवर ठरते, कारण खचण्याचा प्रभाव काढलेल्या जागेच्या कडेपासून तिरका वर जातो. ब्रिटनमध्ये हा कोन उभ्या रेषेपासून ३५ अंश धरत. खाण २०० मीटर खोल असेल तर कडेपासून १४० मीटरपर्यंतची जमीन हलू शकते. भारतीय खडकांत कोन बहुधा कमी भरतो; तो २० अंश धरला तरी ७० मीटरहून अधिक अंतर होते. ऑस्ट्रेलियात सिडनीला पाणी पुरवणाऱ्या कॅटरॅक्ट, कॉर्डो या जलाशयांखाली कोळशाचे थर आहेत. तिथे १९७० च्या दशकात न्यायमूर्ती रेनॉल्ड्स यांनी यावर दीर्घ चौकशी केली आणि त्यानंतर मर्यादित रुंदीची कामे, मधले जाड पिलर आणि सतत मोजणी या अटींवर खाणकाम चालू राहिले.

कोनाचा हिशेबही पुरेसा नसतो, हे स्वित्झर्लंडमधल्या झ्यूझिए धरणाने दाखवले. १५६ मीटर उंचीचे हे कमानी धरण वीस वर्षे निर्धोक होते. १९७८ च्या अखेरीस त्याच्या आतल्या लंबकांनी वेगळेच वाचन द्यायला सुरुवात केली. शोधाअंती कळले की दीड किलोमीटर दूर, धरणापेक्षा कितीतरी खालून, महामार्गाच्या बोगद्यासाठी तपासणीचा भुयारी मार्ग खणला जात होता. त्यात खडकाच्या भेगांतले पाणी निचरून जात होते. पाण्याचा दाब गेल्यावर भेगा मिटल्या, धरणाखालचा पाया दहा सेंटिमीटरहून अधिक खाली बसला आणि दरीच्या दोन भिंती एकमेकींकडे सरकल्या. धरणाला तडे गेले. जलाशय रिकामा करून दुरुस्ती करावी लागली. लंबकांची नियमित वाचने नसती तर कारण आणि परिणाम यांचा मेळ कुणालाच लागला नसता. खोल खाणीतून पाणी उपसणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोळसा एक टनही न काढता नुसत्या उपशाने दूरची जमीन बसू शकते.

मातीचे धरण खाण नसतानाही बसते. भराव स्वतःच्या वजनाने दबतो, म्हणून माथा मधे थोडा उंच बांधतात. बांधकाम संपल्यावर हे बसणे दरवर्षी मंदावत जायला हवे. ते मंदावण्याऐवजी वाढले किंवा एकाच जागी झाले, तर तो इशारा असतो. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले ते विमोचकाच्या वरचा भराव खचत गेल्यानंतर. खचणारा माथा मातीच्या पोत्यांनी उचलून धरण्याची धडपड रात्रभर चालली होती.

भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाची मातीची भिंत अकरा किलोमीटरहून लांब आहे. एवढ्या लांबीवर खालचा खडक एकसारखा असू शकत नाही. अशा धरणांत माथ्यावर पातळीचे बिंदू, भरावात पाण्याचा दाब सांगणारे पिझोमीटर आणि पायथ्याशी पाझर मोजण्यासाठी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या खाचेची पत्रे बसवतात. पाझराचे पाणी किती येते, याच्या जोडीला ते गढूळ आहे का, हेही लिहून ठेवतात. गढूळ पाणी म्हणजे आतली माती निघून चालली आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना उपकरणे, पावसाळ्याआधीची व नंतरची तपासणी आणि नोंदवह्या सक्तीच्या केल्या. मामा तलावांच्या पाळी यात येत नाहीत. त्यांच्यासाठी पाळीवर दोन-चार पक्के बिंदू आणि वर्षातून दोनदा लेव्हल एवढेच जरी केले, तरी सध्यापेक्षा पुष्कळ होईल. उपग्रहाच्या दृष्टीने धरणे शेतांपेक्षा सोयीची असतात, कारण पाण्याकडच्या उतारावरचे दगडी अस्तर रडारची लहर नेमाने परतवते.

मोजणीनंतरचा उपाय बहुतेक वेळा एकच असतो, पोकळी भरणे. नद्यांची वाळू त्यासाठी आता पूर्वीसारखी मिळत नाही. पर्याय म्हणून औष्णिक केंद्रांची राख पुढे आली. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने केंद्रांना सगळी राख वापरात आणणे बंधनकारक केले, आणि खाणींतल्या पोकळ्या भरणे हा मान्य वापरांपैकी एक आहे. तिरोड्यासारख्या केंद्राला खाणीकडून कोळसा येतो आणि राख खाणीकडे परत जाऊ शकते. अडचण राखेच्या बारीकपणाची आहे. वाळूतून पाणी झटकन निचरते, राखेतून नाही; ओली राख दाब झेलत नाही आणि तिला अडवणारा बांध फुटल्यास गॅलरीतून वाहू लागते. म्हणून तिच्यात थोडे सिमेंट किंवा जाड कण मिसळतात, आणि वस्तीखालच्या उथळ गॅलऱ्यांत ती बोअरमधून टप्प्याटप्प्याने सोडतात. गॅलरीच्या छताशी शेवटची फट राहिली की नाही, हे पाहण्यासाठी भरल्यानंतर वेगळी बोअर मारावी लागतात. राखेत जड धातूंचे अंश असल्याने आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणीही चालू ठेवावी लागते, आणि भराव बसून स्थिर होईपर्यंत जमिनीवरचे खांब काढता येत नाहीत.